मांडवाबाहेरचा धवला

मी धूमकेतूंचे फोटो काढते हे कळलं की मुंबईहून आलेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. "मग तो पहिला धूमकेतू दिसला तेव्हा गावात काय झालं? लोक घाबरले असतील ना? अपशकुन वगैरे?" विचारताना त्यांचा चेहरा आधीच कीव करायला तयार असतो. मी सरळ सांगते, नाही. आमच्या गावात कोणीही घाबरलं नाही. दिवेलागणीला वायव्येकडे ते शेंडेनक्षत्र दिसायला लागलं तेव्हा बायांनी ओट्यावर बसून ते पाहिलं, पोरांना दाखवलं, त्याची शेपटी वरच्या अंगाला का, यावर थोडा वाद घातला आणि आत जाऊन भाकऱ्या थापल्या. जवळा महाग झाला होता, त्याचीच त्यांना जास्त काळजी होती. गाव चिडलं, हे मात्र खरं. माझ्यावर चिडलं आणि माझ्या आत्यावर तर इतकं, की काहींनी तो राग मरेपर्यंत जपला. पण त्या रागाशी धूमकेतूचा काडीचाही संबंध नव्हता. तो कशाचा होता हे ऐकायला जो थांबतो त्यालाच मी चहा विचारते.

आमचं घर गावाच्या अगदी टोकाला, जिथून मिठागरं सुरू होतात तिथे. मागच्या दारातून पाऊल टाकलं की बांध, बांधाच्या दोन्ही अंगांना पाण्याचे चौकोन आणि त्यापलीकडे खाडी. शिमग्याच्या दिवसांत मीठ जोरात पिकायचं. बाबा उजाडायच्या आत बांधावर जायचे आणि लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायला लागायचे. तो खरखर आवाज घराच्या इतका अंगवळणी पडला होता की तो थांबला की आई चुलीपासून मान वर करायची. बाबा जेवायला निघाले हे तिला कळायचं. पडवीत पांढऱ्या कांद्याच्या माळा, सुक्या बोंबलांचा वास, तांदळाची भाकरी, आणि नशीब असेल तर निवट्यांचं झणझणीत कालवण. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. ते धरायला लागणारी चपळाई माझ्यात होती आणि गावातल्या बऱ्याच पोरांत नव्हती, हे मी आजही ऐकवते. त्या मिठागरांवर आता भराव पडलाय. न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनर तिथे एकावर एक रचलेले असतात. मी त्या जागेला अजून मिठागरच म्हणते. रिक्षावाला नवा असला आणि त्याला कळलं नाही तर मी रस्ता समजावून सांगते, पण नाव बदलत नाही.

हिराआत्या बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन गेली आणि वर्षभरात परत आली. का आली ते तिने कधी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही. एरवी गावात तिची ओळख तेवढीच होती, परत आलेली. हळदीकुंकवाला तिला बोलवायला बाया सोयीस्कर विसरायच्या. पण आमच्या आगरी लग्नाला धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते ती गाते आणि तिच्या गाण्यावर सगळं लग्न चालतं. आत्याला आजीकडून सगळे धवले तोंडपाठ मिळाले होते आणि गावात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हते. त्यामुळे तिला बोलवणं भागच होतं. मांडवात तिच्यासाठी पाट मांडला जायचा. एरवी तिच्याकडे न बघणाऱ्या बाया वाकून विचारायच्या, "आत्ये, आता काय करू?" आणि ती नुसत्या मानेने सांगायची. त्या चार दिवसांच्या मानावर ती बाकीचं वर्ष काढायची. हे मला तेव्हाही पक्कं कळत होतं.

कॅमेरा माझ्या मामाचा. तो बोटीवर खलाशी होता. कुठल्याशा बंदरातून आणलेला तो जड कॅमेरा त्याने दोनदा वापरला, कंटाळला आणि माझ्या हवाली केला. त्यात एक सोय होती. बटण दाबून धरलं की दाबलेलं असेपर्यंत आतला पडदा उघडा राहायचा. तारे काढायला हेच लागतं, कारण त्यांचा उजेड थोडा थोडा गोळा करावा लागतो. पण पृथ्वी फिरते, आणि पडदा उघडा ठेवून तुम्ही नुसते बसलात तर तारे सरकतात. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात मला उपाय सापडला. दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या, बिजागरी ध्रुवाकडे रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि खालच्या फळीतून वर येणारा स्क्रू मिनिटाला एक फेरा या गतीने हाताने फिरवत राहायचा. फळी आकाशाच्या चालीने उघडत जाते आणि तारे जागच्या जागी राहतात. फळ्या मी मोडक्या उघाडीच्या घेतल्या. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी मिठागरात घेण्याचं दार. बाबांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते.

यंत्र झकास झालं, पण हात झकास नव्हता. घड्याळ बघायला बॅटरी लावली की डोळे दिपायचे आणि भिंगावर उजेड यायचा. मनात आकडे मोजले तर घाई व्हायची. पहिला रोल पेणच्या स्टुडिओतून धुऊन आणला तेव्हा प्रत्येक तारा भाताच्या शितासारखा लांबोडका. धूमकेतू तर पुसल्यासारखा. आत्याने ते फोटो हातात घेतले आणि बराच वेळ बघितले. "हे तारे आडवे कनाला झोपलेत?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती "बरा" म्हणाली आणि बोंबील साफ करायला बसली.

बोंबील साफ करताना ती गुणगुणत असे. शब्द नाहीत, तोंड मिटलेलं, नुसती धवल्याची चाल. शब्द मांडवाबाहेर काढायचे नाहीत असा तिचा नियम होता, आजीने घालून दिलेला, आणि गावालाही तो ठाऊक होता. त्या दुपारी मी मामाचं घड्याळ मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसले होते. एक ओळ संपली, काटा एका ठिकाणी. दुसरी संपली, बरोबर तेवढंच अंतर, पंधरा सेकंद. तिसरी, चौथी, तेच. माशी अंगावर बसो, आई हाक मारो, शेजारची कोंबडी आत येवो, ओळ तेवढ्याच वेळात संपायची. मी उठून नाचायची बाकी राहिले. एका ओळीला पाव फेरा! मला घड्याळ नकोच होतं. मला आत्या हवी होती.

ती आधी साफ नाही म्हणाली. बांधावर वारा असतो, गुणगुणणं कानापर्यंत पोचणार नाही, म्हणजे शब्दांसकट मोठ्याने गावं लागणार. "धवला म्हनजे काय रेडिओ हाय? कान पिळला का वाजला?" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनेच विषय काढला. "तो तारा किती दिवस हाय?"

"दिसायला राहील अजून. पण आता पौर्णिमा होऊन गेलीय, चंद्र उशिरा येतो, म्हणून संध्याकाळचा काळोख मिळतोय. पाडव्यानंतर चंद्र परत संध्याकाळी येणार, आणि तारा खाली खाली जाणार. मग नाही जमायचं."

"परत कवा येल?"

"आपण नसू तेव्हा. आपल्या मागचेही कोणी नसतील."

तिने हात धुतले. "येवडी वर्सं दुसऱ्यांचे पोरींसाठी गायले," ती म्हणाली. "आपले पोरीला पायजे तर मांडव आडवा येतो? चल. फळ्या घे."

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा सूर्य बुडून बराच वेळ झाला होता आणि पश्चिमेची लाली विझत आली होती. उत्तरेला न्हावा शेवा बंदराच्या दिव्यांचा पिवळट उजेड, त्याच्या जरा वर ध्रुव. मी बिजागरी रोखली, कॅमेरा वळवला, पडदा उघडला. आत्या माझ्या बाजूला उकिडवी बसली, डोक्यावर पदर घेतला आणि गायला लागली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मिठागरावर पाण्यावरून आवाज फार लांब जातो. ओळ संपली, पाव फेरा. ओळ संपली, पाव फेरा. मी आयुष्यात इतकी निवांत कधीच नव्हते.

आणि तो आवाज गावात पोचला. आमच्या गावात कोणाच्या घरी लग्न आहे हे कुत्र्यामांजरांनाही माहीत असतं. त्या संध्याकाळी कोणाच्याच घरी नव्हतं. तरी धवला ऐकू येत होता, तो मिठागराकडून, काळोखातून. आत्या घरात नाही, मीही घरात नाही. लोकांनी दोन आणि दोन मिळवून चोपन्न केले. पोरीने बांधावर चोरून लग्न लावलं, आणि आत्याने लावून दिलं! नवरा कोण तेही कोणीतरी ठरवून टाकलं. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारा बाळ्या, ज्याने मला एकदा पेणच्या नाक्यावरून गावापर्यंत आणून सोडलं होतं. तो बिचारा त्या वेळी स्वतःच्या घरी कोलंबीचं कालवण आणि भाकरी खात बसला होता.

मला आधी दिसली ती गॅसबत्ती. मग बॅटऱ्या. अर्धं गाव बांधावरून एका ओळीत येत होतं, पुढे बाबा, त्यांच्या हातात बत्ती, आणि त्यांच्या मागे धर्मानाना. धर्मानाना म्हणजे गावचे पंच. देवळातला आणि मांडवातला शब्द त्यांचा. माझा पडदा उघडा होता. हात स्क्रूवर. सोडता येत नव्हतं आणि पळायचं तर मनातही नव्हतं. मी ओरडले, "बत्ती विझवा! आधी बत्ती विझवा, मग काय मारायचं ते मारा!"

"कोन हाय तो?" बाबा ओरडले. "कुठं हाय?"

आत्याने गाणं थांबवलं नाही. तिने मान वळवलीही नाही. फक्त उजवा हात वर केला, पंजा उघडा, मांडवात दंगा करणाऱ्यांना ती करायची तसा. चालू धवला मध्ये तोडायचा नाही, हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. तोडला तर तो नवरीवर उलटतो असं मानतात. बाबांच्या मागून धर्मानानांचाच आवाज आला, "गप रव्हा. धवला चालू हाय." बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बत्तीची चावी फिरवली. ती भुसभुसत विझली. एकेक बॅटरीही विझली. मागून कोणा बाईने हळूच विचारलं, "नवरा कंचा गो?" आणि तिला कोणीतरी चिमटा काढला असावा.

आत्या गात राहिली. थांबलो की हे लोक बोलायला लागतील, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. तिने धवला संपू दिलाच नाही. एका विधीचा संपला की श्वासही न दवडता दुसऱ्या विधीचा धरला. मांडवाचा झाला, तेलाचा झाला, हळदीचा झाला. मी एक फोटो पुरा करून दुसरा उघडला, दुसरा करून तिसरा. अर्धं गाव त्या अरुंद बांधावर काळोखात उभं, खाडीचे डास पोटऱ्या फोडताहेत, खाजवायचीही चोरी, आणि आमचं आपलं चाललेलं. माझा रोल संपला. धूमकेतू बंदरावरून येणाऱ्या धुरकट पट्ट्यात उतरला. मी म्हटलं, "आत्ये, झालं." तेव्हा तिने शेवटची ओळ शांतपणे पुरी केली, पदर सारखा केला आणि उठली. "आता बोला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर बोलणं झालं. नवरा नव्हता हे सगळ्यांना पटलं होतं आणि त्यामुळे ते जास्तच चिडले होते. नवरा असता तर निदान त्याला बडवता आलं असतं. धर्मानाना म्हणाले, मांडव नाही, नवरी नाही, हळद नाही, आणि हिने धवला म्हटला. ही लग्नाची चेष्टा आहे. देवापुढे नारळ ठेवायचा आणि चुकले म्हणायचं. नाहीतर या गावातलं एकही घर तिला मांडवात बोलावणार नाही. धर्मानाना काही दुष्ट नव्हते. पण तिचं काय काढून घेतोय हे त्यांना चांगलं माहीत होतं, आणि तरी ते म्हणाले. त्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

बाबांनी नारळ विकत आणून तिच्या पुढ्यात ठेवला. "हिरे, ठेव आनि मोकली हो. एक नारळ तर हाय."

"चुकले असते तर दोन ठेवले असते," आत्या म्हणाली.

"मग काय चुकली नाय तू?"

"मी येक शब्द गाळला नाय, येक ओळ पुडंमागं केली नाय. तुमी सगले उबे होते, इचारा कोनाला. चुकले कुठं?" मग धर्मानानांकडे बघून तिने सावकाश सांगितलं, "आनि आज परत गानार हाय."

मला ती चुकते आहे असं वाटलं. घरी येताना मी तिला म्हटलं, आत्ये, माझे फोटो झालेत, रोल संपलाय, आता कशाला? नारळ ठेवून टाक, मी काही म्हणणार नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. मामाचा राहिलेला एकच रोल होता, तो कॅमेऱ्यात भरला.

त्या संध्याकाळी मळभ आलं. तारा सोडा, ध्रुवही दिसेना. बंदराच्या दिव्यांनी ढग खालून मातकट झाले होते. मी अंदाजाने बिजागरी रोखली. गावातले लोक आपापल्या ओट्यांवर उभे आहेत हे जाणवत होतं. कोणी आलं नाही. आली ती फक्त आई. "भाकऱ्या गार व्हतात," ती म्हणाली, आणि बांधावर आमच्याशेजारी बसली. आत्याने पदर घेतला, आणि गायली. आदल्या दिवसापेक्षा मोठ्याने. मी पडदा उघडला आणि ओळीओळीला पाव फेरा फिरवत राहिले, वर काहीही नसताना. मला तेव्हा रडू येत होतं, पण रागाने. या बाईला आयुष्यात मिळालेली एवढी एकच जागा, आणि तीही या लोकांना परवानगीने द्यायची होती.

गावाने शब्द पाळला. त्या वैशाखात गावात तीन लग्नं झाली आणि तिन्हींना धवलारीण दुसऱ्या गावाहून आणली. लाउडस्पीकरवरून ते गाणं आमच्या पडवीत यायचं. आत्या कांदे चिरत ऐकायची. एकदाच म्हणाली, "घाई करते पोर," आणि चिरत राहिली. पुढे काही घरांनी तिला पुन्हा बोलावलं, आपलं आपण, गुपचूप, नारळाचा विषय न काढता. काहींनी नाही बोलावलं. धर्मानानांच्या नातीचं लग्न तिच्याशिवाय लागलं. नारळ तिने ठेवला नाही. पहिल्या संध्याकाळचा रोल उत्तम आला होता. टाचणीच्या टोकाएवढे तारे आणि त्यात तो, शेपटी पसरलेला. त्या फोटोचं पुढे नाव झालं, बक्षीसही मिळालं. आजकाल बॅटरीवर चालणारं यंत्र आहे माझ्याकडे, ते कधी चुकत नाही. कॉम्प्युटर शंभर फोटो एकावर एक रचून देतो. परवाच्या धूमकेतूचे मी घराच्या गच्चीवरून काढले, बंदराच्या सगळ्या दिव्यांना पुरून उरून.

मळभाच्या संध्याकाळचा रोल मी पेणच्या त्याच स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उजेडासमोर धरली. "ताई, एकच फोटो काढलाय, आणि तोही कोरा आहे. यात काही नाही. छापून घेऊ नका."

"छापा," मी म्हटलं.

"पैसे फुकट जातील."

"जाऊ देत. मोठा छापा."

तो माझ्या भिंतीवर आहे. मातकट, काळपट, खाली जरा पिवळा. धूमकेतूचा फोटो मागेल त्याला मी देते, त्याचं काही वाटत नाही. पण घरी आलेला माणूस बघता बघता त्या काळ्या चौकटीपाशी थांबतो, चष्मा वर-खाली करतो, आणि विचारतो की यात काय आहे.

माझी आत्या गातेय, मी सांगते.